गटासाठी कॅमेरा घेताना: मिररलेस की सुपरझूम?



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येतोय. गटाकडे थोडे पैसे साठलेत, त्यातून कॅमेरा घ्यायचा आहे, तर कोणता घ्यावा? एका गटाला हळद, बारसं, डोहाळजेवण यांचे फोटो काढून द्यायचं काम सुरू करायचंय. एका गटाला आपल्या पापड-लोणच्याच्या पाकिटावर चांगला फोटो हवाय. कोकणातल्या एका गटाला होडीतून पाहुणे फिरवताना पक्षी टिपायचेत. सगळ्यांनी दुकानात जाऊन चौकशी केली आणि सगळ्यांपुढे साधारण तेच दोन प्रकार आले. एक लेन्स बदलता येणारा ‘मिररलेस’. दुसरा खिशात मावणारा पण चाळीस पट झूम असलेला, ज्याला ‘सुपरझूम’ म्हणतात.

हे पैसे कुणा एकीचे नाहीत. महिन्याला शंभर-दोनशे करत जमलेले आहेत, आणि कॅमेरा चुकीचा निघाला तर पुढच्या बैठकीत त्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून आज आपण या दोन्ही यंत्रांच्या पोटात काय असतं तेच बघू. ते एकदा कळलं की दुकानदाराच्या बोलण्यात कामाचं किती आणि वरचं किती, हे आपलं आपल्यालाच ओळखता येतं.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. मिरर म्हणजे आरसा, मिररलेस म्हणजे बिनआरशाचा. लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात जो मोठा काळा कॅमेरा वर्षानुवर्षं पाहिलात, त्यात लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असायचा. लेन्समधून आलेला उजेड तो आरसा वरच्या खिडकीकडे वळवायचा, म्हणून डोळा लावला की समोरचं दिसायचं. बटण दाबलं की आरसा खटकन वर उचलला जायचा आणि उजेड मागे फिल्मवर पडायचा. तो ‘खटाक’ आवाज तुम्हाला आठवत असेल. पुढे फिल्मच्या जागी सेन्सर आला. सेन्सर म्हणजे उजेड पडला की त्याची वीज करणारी काचेसारखी छोटी चकती. तो सेन्सर दिसणारं दृश्य सरळ पडद्यावर दाखवू शकतो, मग आरसा कशाला? असा विचार करून २००८ मध्ये पॅनासॉनिक कंपनीने ‘जी१’ नावाचा कॅमेरा आणला. त्यात आरसा नव्हता, पण लेन्स मात्र बदलता येत होती. तिथून या जातीचा संसार वाढला.

आता गंमत बघा. खिशातल्या सुपरझूममध्येही आरसा नसतोच! मग त्याला मिररलेस का म्हणत नाहीत? कारण दुकानात ‘मिररलेस’ हा शब्द लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यालाच लावायची रीत पडली आहे. तेव्हा नावावर जाऊ नका. खरा फरक दोनच गोष्टींचा आहे, सेन्सर केवढा आणि लेन्स कुठवर पोचते.

उदाहरणासाठी आपण एकाच कंपनीचे दोन कॅमेरे घेऊ, म्हणजे कंपन्यांचा वाद मध्ये येणार नाही. मिररलेस म्हणून कॅनन आर५०, हा २०२३ साली आला. सुपरझूम म्हणून कॅनन एसएक्स७४०, तो २०१८ चा. हेच घ्या असं आमचं म्हणणं नाही. सोनी, निकॉन, पॅनासॉनिक यांचेही असे कॅमेरे आहेत आणि आकडे थोडेफार इकडचे तिकडे होतात, पण हिशेब तोच राहतो.

एसएक्स७४० चा सेन्सर सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच, म्हणजे तुरीच्या डाळीच्या एका दाण्याएवढा. आर५० चा सेन्सर २२ मिलिमीटर रुंद, १५ मिलिमीटर उंच, म्हणजे पोस्टाच्या छोट्या तिकिटाएवढा. पृष्ठभागाचा गुणाकार केला तर दुसरा पहिल्याच्या जवळजवळ १२ पट निघतो.

याने काय होतं? अंगणात पावसात एक वाटी ठेवा आणि शेजारी एक परात ठेवा. पाऊस दोघींवर सारखाच पडतोय, पण परातीत पाणी जास्त जमतं. पाऊस धो धो असेल तर वाटीही लगेच भरते, आपलं काम भागतं. भुरभुर असेल तर वाटीचा तळ जेमतेम ओला होतो आणि परातीत मात्र ओंजळभर पाणी निघतं. सेन्सरचं तसंच आहे. भर दुपारी, अंगणात, शेतात उजेड धो धो असतो. तेव्हा दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो मोबाईलवर पाहिले तर कुठला कशाने काढला हे सांगता येणार नाही. फरक पडतो तो भुरभुर उजेडात. आणि आपल्या बायकांचे किती कार्यक्रम भर उन्हात असतात, सांगा बरं? हळद मांडवात, डोहाळजेवण माजघरात, बारसं संध्याकाळी, बचत गटाची बैठक समाजमंदिरात एका ट्यूबलाइटखाली.

उजेड कमी पडला की कॅमेरा काय करतो? आलेल्या संदेशाचा आवाज वाढवतो. तुम्ही आम्हाला रेडिओवर ऐकता, तेव्हा हे चटकन लक्षात येईल. गाव लांब असलं की आमचा आवाज बारीक येतो. तुम्ही बटण फिरवून आवाज मोठा केलात तर बोलणं मोठं होतं, पण खरखरही तेवढीच मोठी होते. कॅमेऱ्यात या बटणाला आयएसओ म्हणतात. ४०० पाशी फोटो स्वच्छ असतो, ३२०० पाशी लहान सेन्सरवर खरखर दिसू लागते. चेहऱ्यावर रवाळ ठिपके येतात. मग कॅमेरा स्वतःच ती खरखर पुसायला जातो आणि पुसता पुसता साडीच्या काठाची नक्षी, केसांतला गजरा, मेंदीची बारीक रेघ हेही पुसून टाकतो. फोटो गुळगुळीत दिसतो, पण मेणाचा वाटतो.

आम्ही दोन्ही प्रकारचे कॅमेरे ओळखीतून आठ दिवस मागून आणले आणि एकाच स्वयंपाकघरात, एकाच दिव्याखाली, पुरणपोळी लाटणाऱ्या हातांचे फोटो काढले. मोबाईलच्या पडद्यावर दोन्ही फोटो बरे होते. मग संगणकावर मोठे करून पाहिले. मिररलेसच्या फोटोत पोळीवरचं पीठ कणाकणाने दिसत होतं, बांगडीची नक्षी मोजता येत होती. सुपरझूमच्या फोटोत पीठ आणि पोळी एकमेकांत मिसळली होती. फ्लॅश लावून पाहिलं. दोन्ही कॅमेऱ्यांना स्वतःचा छोटा फ्लॅश आहे. फोटो उजळले, पण हातांची गडद सावली पोळपाटावर पडली आणि घरातल्या उजेडाची सगळी ऊब गेली.

इथे दुकानदार न सांगणारी एक गोष्ट सांगायला हवी. सेन्सर मोठा असला तरी मिररलेसबरोबर डब्यात जी लेन्स येते, तिला किट लेन्स म्हणतात, ती उजेडाच्या बाबतीत कंजूष असते. लेन्सच्या भोकाचा एक आकडा असतो, तो ‘एफ’ लावून लिहितात. हा आकडा उलटा चालतो, लहान आकडा म्हणजे मोठं भोक. आर५० च्या किट लेन्सचा आकडा एफ ४.५ पासून सुरू होतो. एसएक्स७४० चा एफ ३.३ पासून. म्हणजे भोकाच्या बाबतीत खिशातला कॅमेराच थोडा उदार आहे. सेन्सरचा १२ पटीचा फायदा त्यामुळे खाली येतो आणि झूम न करता काढलेल्या फोटोत साधारण सहा पट उरतो. सहा पट हाही मोठाच फरक आहे. पण खरी मौज दुसरी लेन्स घेतल्यावर आहे.

‘पन्नास एमएम, एफ १.८’ असं म्हटलं की कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानात समजतं. छोटी, हलकी, लेन्सच्या जगात स्वस्त गणली जाणारी वस्तू आहे ही. तिच्यात झूम अजिबात नाही. जवळ जायचं तर पायाने चालत जायचं. पण किट लेन्सच्या एफ ४.५ च्या मानाने ती सहा पट उजेड आत घेते. माजघरातल्या एका दिव्यात बसलेल्या पोटुशीचा चेहरा, मागे धूसर झालेल्या भिंती, डोळ्यांतली चमक, असा फोटो तिनेच मिळतो. तिची अडचणही सांगून ठेवतो. आर५० सारख्या कॅमेऱ्यावर ती थोडी जवळचं दाखवते. १० फूट लांब उभं राहून उभा फोटो काढलात तर साधारण साडेचार फूट उंचीचं दृश्य मावतं. पाटावर बसलेली एक बाई छान मावते, ओवाळणाऱ्या पाच जणी मावत नाहीत. खोली लहान असेल तर तुमची पाठ भिंतीला टेकते. म्हणून ओवाळणीला किट लेन्स, चेहऱ्याला पन्नास एमएम, अशी अदलाबदल करावी लागते. लेन्स बदलता येण्याचा फायदा तो हाच.

आता सुपरझूमची बाजू. त्याच्यावर आम्ही अन्याय करणार नाही, कारण त्याच्याकडे जे आहे ते मिररलेसला सहजी मिळत नाही.

चाळीस पट झूम म्हणजे काय? बऱ्याच जणींना वाटतं, डोळ्याला दिसतं त्याच्या चाळीस पट मोठं. तसं नाही. लेन्स पूर्ण आत असताना जेवढं मोठं दिसतं त्याच्या चाळीस पट, लेन्स पूर्ण बाहेर आल्यावर. एसएक्स७४० ची लेन्स ४.३ मिलिमीटरपासून १७२ मिलिमीटरपर्यंत ताणली जाते. १७२ ला ४.३ ने भागा, उत्तर बरोबर ४० येतं. आणि सेन्सर डाळीच्या दाण्याएवढा असल्यामुळे हीच १७२ मिलिमीटरची लेन्स जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावरच्या ९६० मिलिमीटरच्या तोफेएवढं काम करते. म्हणजे लहान सेन्सर हा घरात तोटा आणि रानात फायदा. मिररलेसवर तेवढ्या लांबचं टिपायचं तर ६०० मिलिमीटरची लेन्स लागेल. ती खिशात तर सोडाच, पर्समध्येही मावत नाही, आणि तिची किंमत ऐकून गट फुटेल. इकडे एसएक्स७४० चं वजन बॅटरीसकट ३०० ग्रॅमच्या आत.

चंद्राचं उदाहरण घ्या. पौर्णिमेच्या रात्री पूर्ण झूम करून एसएक्स७४० ने चंद्र टिपला तर तो फोटोच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा येतो. डाग, खड्डे सगळं दिसतं. शाळेतल्या पोरांना दाखवा, पोरं उड्या मारतील. आर५० च्या किट लेन्सने तोच चंद्र काढा, तो उंचीच्या छत्तिसाव्या हिश्श्याएवढा येतो. पांढरा ठिपका, बस.

वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बचत गटातल्या बायका होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. भिगवणला उजनी धरणाच्या बॅकवॉटरवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि तिथेही होडीवाल्यांचा, जेवणखाण देणाऱ्या घरांचा हंगाम सुरू होतो. अशा कामात पक्षी काही जवळ येऊन बसत नाही. खंड्या घ्या, चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २८ सेंटिमीटर. होडीपासून ६५ फुटांवरच्या फांदीवर तो बसलाय. सुपरझूमच्या फोटोत तो रुंदीच्या एक तृतीयांशाहून जास्त जागा भरतो. किट लेन्सच्या फोटोत तो रुंदीचे शंभर भाग केले तर तीन भागही भरत नाही. तेवढा तुकडा कापून मोठा केला तर निळा रंग कळेल, चोच कळणार नाही. पाहुण्याला आठवण म्हणून पाठवायचा फोटो म्हणाल तर इथे सुपरझूमच जिंकतो, आणि मोठ्या फरकाने जिंकतो.

पण झूमची किंमत उजेडात मोजावी लागते. लेन्स पूर्ण बाहेर आली की भोकाचा आकडा एफ ३.३ चा एफ ६.९ होतो, म्हणजे उजेड जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो. शिवाय एवढ्या झूमला हाताची नाडीसुद्धा फोटोत दिसते. लेन्सचा जेवढा मिलिमीटरचा आकडा, सेकंदाचा तेवढावा भाग शटर उघडं ठेवायचं, असा जुन्या फोटोग्राफरांचा ठोकताळा आहे. ९६० साठी सेकंदाचा हजारावा भाग. कॅमेऱ्यातली हात स्थिर करणारी सोय याहून बरीच सवलत देते, हे खरं. पण ती आपला हात सांभाळते, उडणारा पक्षी सांभाळत नाही. म्हणून सुपरझूमचं काम सकाळी आठ ते दहा आणि दुपारनंतरच्या उन्हात. सूर्य बुडाला की त्याला म्यानात ठेवा. लग्नातली वरात रात्री लांबून झूम करून टिपू असं कुणी म्हणत असेल तर तो बेत सोडून द्या.

दुकानात डब्यावर ‘डिजिटल झूम’ म्हणून आणखी एक मोठा आकडा छापलेला असतो. त्याच्याकडे बघूच नका. तो कॅमेरा लेन्स हलवत नाही, आहे तोच फोटो कापून फुगवतो. ते काम घरी मोबाईलवर फुकट होतं.

आणखी एक गोष्ट सुपरझूमच्या बाजूची. तो अगदी जवळचंही टिपतो. झूम न करता, मॅक्रोवर ठेवून एसएक्स७४० लेन्सपासून एका सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दाखवतो. बियाणं, पानावरची कीड, गोधडीचा टाका, दागिन्याची घडण यासाठी ते फार उपयोगी आहे. फक्त इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली वस्तूवर पडते, तेव्हा बाजूने उजेड येईल असं बसा. लहान सेन्सरचा याच कामात दुसरा फायदा असा, की पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट येतं. मिररलेसवर एफ १.८ लावून पाच बरण्या ओळीत ठेवल्या तर पहिली स्पष्ट आणि पाचवी धुक्यात अशी गत होते. तिथे भोक लहान करायला शिकावं लागतं. आठ दिवसांत जमतं, पण शिकावं लागतं हे खरं.

आणि आम्ही रेडिओवाल्या, त्यामुळे आवाजाचं बोलल्याशिवाय राहवत नाही. पाककृतीचे व्हिडिओ करणारे गट आता बरेच आहेत. लोक चित्र थोडं खराब असलं तरी बघतात, आवाज खराब असला की लगेच पुढे जातात. आर५० ला बाहेरचा माइक जोडायला छिद्र आहे. एसएक्स७४० ला नाही. पंखा, मिक्सर, बाहेरचा ट्रॅक्टर यांच्यात बाईचा आवाज नीट हवा असेल तर कॉलरला लावायचा माइक लागतोच. व्हिडिओ हा तुमचा धंदा असेल तर एवढ्या एका छिद्रावर निर्णय घ्यायला आमची हरकत नाही.

‘पण ताई, मोबाईल आहे ना घरात?’ हा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमात येतो आणि तो अगदी योग्य आहे. आजच्या बऱ्याच चांगल्या मोबाईलचा मुख्य सेन्सर खिशातल्या सुपरझूमपेक्षा मोठा असतो. शिवाय मोबाईल एका दाबात पाच-सात फोटो घेऊन एकत्र करतो, त्यामुळे खरखर कमी होते. म्हणजे घरातल्या उजेडात सुपरझूम तुमच्या मोबाईलपुढे टिकेलच असं नाही. ज्या गटाला फक्त पाकिटावरचा फोटो हवा आहे, त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की सध्या दोन्ही कॅमेरे घेऊ नका. मोबाईलला तीनपायी स्टँड घ्या, उत्तरेच्या खिडकीशी पाट ठेवा, खिडकीसमोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा म्हणजे सावली उजळेल. लोणच्याच्या फोडीला तेलाची चमक कशी येते ते बघा. उरलेल्या पैशांची बरणी घ्या.

हळद-बारशांचं काम करणाऱ्या गटाचं मात्र वेगळं आहे. कार्यक्रमवाली बाई पैसे देणार, ती मोबाईलने येतं त्यापेक्षा चांगलंच मागणार. बायकांच्या घोळक्यात, बाळंतिणीच्या खोलीत बाईच फोटो काढायला असेल तर घरच्यांनाही बरं वाटतं, ही तुमची खरी ताकद. तिथे आमचं मत मिररलेसच्या बाजूने पक्कं आहे. पण त्यात एक अट. दुकानदार दोन झूम लेन्सचा जोड दाखवेल, ‘लांबचंही येईल’ म्हणेल. तो जोड नको. एकच किट लेन्स आणि ती पन्नास एमएम एफ १.८. पैसे एकदम नसतील तर आधी किट लेन्सवर दोन-तीन कार्यक्रम करा आणि आलेल्या कमाईतून पन्नास एमएम घ्या. पहिली कमाई बॅगेवर आणि छत्रीच्या दिव्यांवर घालू नका.

किमतीचे आकडे आम्ही मुद्दाम सांगत नाही, कारण ते दिवाळीला एक आणि होळीला दुसरे असतात. दोन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. साधारणपणे किट लेन्ससह मिररलेस हा खिशातल्या सुपरझूमपेक्षा बराच महाग पडतो. त्यात मेमरी कार्ड आणि जादा बॅटरी धरायला विसरू नका. एका बॅटरीवर पूर्ण लग्न होत नाही, आणि मांडवात चार्जर लावायला जी जागा असते तिथे आधीच डीजेवाला बसलेला असतो. आणि एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर तशी बसत नाही. एकदा घर बांधलं की त्याच घरात राहायचं. तालुक्याच्या गावी ज्या कंपनीचं दुरुस्तीचं ठिकाण आहे किंवा ओळखीच्या फोटोग्राफरकडे ज्या कंपनीच्या लेन्स आहेत, ती कंपनी निवडलेली बरी. खिशातल्या सुपरझूमची जात आता कमी निघते, ठरावीक मॉडेलच मिळतात. तेव्हा जुना साठा गळ्यात मारला जात नाही ना, वॉरंटी भारतातली आहे ना, हे विचारा.

धूळ आणि ओल या दोन वैरिणी. माणदेशात, मराठवाड्यात धूळ. मिररलेसची लेन्स वाऱ्यात, उघड्यावर बदलली की सेन्सरवर धूळ बसते आणि प्रत्येक फोटोच्या आभाळात काळा ठिपका येतो. लेन्स घरात, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून बदला. सुपरझूमचं पोट बंद असतं म्हणून तो सुरक्षित वाटतो, पण लेन्स आत-बाहेर करताना तोही हवा ओढतो. त्याच्या पोटात गेलेली धूळ घरी काढता येत नाही. कोकणात पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि ऊन पडेल तेव्हा कॅमेरा वापरा. कपाटात कपड्यांच्या घडीत गुंडाळून ठेवलेला कॅमेरा सगळ्यात लवकर बिघडतो.

सुपरझूमबद्दल एक गोष्ट आम्हाला बाया म्हणूनच सांगायची आहे. तो समोरच्याला कळू न देता लांबून टिपतो. नदीवर कपडे धुणाऱ्या, परसात न्हाणाऱ्या बाईपर्यंत ही लेन्स पोचते. एखादी बाई खासगी अवस्थेत असताना, आपल्याला कुणी पाहत नाही असं ती धरून चालली असताना तिचा फोटो काढणं किंवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. गटाचा कॅमेरा घरच्या पोरांच्या हाती जाणार असेल, तर कार्ड कोण बघतं आणि कॅमेरा कुणाच्या ताब्यात असतो हे ठरावात लिहून ठेवा. पक्ष्यांचंही तसंच. झूम आहे म्हणूनच लांब राहा, फोटोसाठी घरट्याजवळ होडी नेऊ नका.

आता दुकानात गेल्यावर काय करायचं ते सांगतो आणि थांबतो. दोघी-तिघी मिळून जा, आपलं स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. दुकानदाराला सांगा, आम्ही आधी फोटो काढून बघणार. दोन्ही कॅमेऱ्यांत आपलं कार्ड घालून दुकानातला सगळ्यात अंधारा कोपरा शोधा, फ्लॅश बंद करा, मैत्रिणीला तिथे उभं करून तिचा चेहरा आणि पदराचा काठ टिपा. मग दारात या, रस्त्यापलीकडची लांबची पाटी शोधा आणि दोन्हींनी पूर्ण झूम करून ती काढा. शेवटी हातात धरून पाच मिनिटं तशाच उभ्या राहा, मनगट दुखतं का बघा. कार्ड घरी आणा. बैठकीत कुणाच्या तरी संगणकावर किंवा टीव्हीला जोडून ते चारही फोटो सगळ्यांना मोठे करून दाखवा, कुठला कशाने काढला ते न सांगता. आपल्या कामाचे फोटो त्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यासारखे असणार की लांबच्या पाटीसारखे, यावर हात वर करायला सांगा. मग इतिवृत्तात नोंद घाला, जीएसटीचं पक्कं बिल गटाच्या नावावर घ्या, आणि कॅमेऱ्याच्या खाली असलेला नंबर मालमत्तेच्या नोंदवहीत उतरवा.